अठरा मिलिमीटरची गाठ

मुलांनो, कंपासपेटी हाताशी आहे ना? मग पट्टी आणि कोनमापक काढा. कोऱ्या कागदावर एक टिंब द्या आणि तिथून १० सेंटिमीटरची सरळ रेघ मारा. आता त्याच टिंबापासून, पहिल्या रेघेशी ५ अंशांचा कोन करणारी दुसरी रेघ मारा, तीही १० सेंटिमीटरचीच. दोन्ही रेघांच्या टोकांमध्ये किती अंतर पडलं? मोजा. घाई नाही, मी थांबते.

पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल. निघताना दोन्ही रेघा एकमेकींना अगदी चिकटून होत्या, नाही का? १० सेंटिमीटर जाईस्तोवर बघा कशा फाकल्या!

आता असं समजा, की कागद म्हणजे माणसाची छाती. टिंब म्हणजे कातडीवरची जागा. पहिल्या रेघेच्या टोकाशी १८ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे लहानशा सुपारीएवढी गाठ बसली आहे आणि तिच्या मध्यावर तुम्हाला सुई न्यायची आहे. हात ५ अंशांनी चुकला, तर सुईचं टोक गाठीच्या पार काठावर पोचेल. आणखी अंशभर चुकलात, की गाठ एकीकडे आणि सुई भलतीकडे. बरं, ही गाठ डोळ्यांना दिसत नाही. आणि ती एका जागी स्वस्थही बसत नाही, श्वासाबरोबर वरखाली होते.

ही गाठ माझ्या वडिलांच्या उजव्या फुप्फुसात होती. गोष्ट २०१८ सालची.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी ३४ वर्षं टर्नर म्हणून काम केलं. टर्नर म्हणजे लेथ यंत्रावर गरगर फिरणारं लोखंड कापून त्याला हवा तो आकार देणारा कारागीर. त्यामुळे आमच्या घरात सगळं काही मिलिमीटरमध्ये चालतं. पोळी जाड झाली, तर अण्णा “जाड झाली” म्हणत नाहीत. “अर्धा मिलिमीटर जादा आहे,” म्हणतात आणि आईची बोलणी खातात.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला, तो जाईना. छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजवीकडे वरच्या बाजूला एक डाग दिसला. आता यातली गंमत ऐका. १९७८ साली अण्णांना क्षय झाला होता. दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन ते ठणठणीत बरे झाले होते. त्यामुळे डाग पाहताच घरातला जो तो म्हणायला लागला, “हा तोच, जुना!” आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो, तेही म्हणाले, की क्षयाची औषधं पुन्हा सुरू करू आणि सहा महिन्यांनी बघू. थुंकीच्या तपासणीत क्षयाचा एकही जंतू सापडला नव्हता, तरीही. मला ते पटलं नाही. सहा महिने थोडे नसतात हो! गाठ वेगळ्या जातीची असेल, तर ती काय सहा महिने आपली वाट बघत बसणार होती?

मग दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सी. टी. स्कॅन केला. एक्स-रे तुम्हाला माहीतच आहेत. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग गावी विल्हेल्म राँटगेन यांनी ते १८९५ च्या नोव्हेंबरात शोधले आणि डिसेंबरात आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि अंगठीसकट. पण साधा एक्स-रे म्हणजे अखेर सावली. पुढची बरगडी, मागची बरगडी, मधलं फुप्फुस, सगळं एकावर एक. भिंतीवर हातांची सावली पाडून हरीण करता ना, तसं. सावलीत हरीण दिसतं, पण कुठलं बोट पुढे आणि कुठलं मागे, ते कळत नाही. सी. टी. स्कॅन चहूबाजूंनी एक्स-रे घेतो आणि संगणक त्यावरून शरीराच्या पातळ चकत्या मांडून दाखवतो, काकडीच्या चकत्या कराव्यात तशा. काकडी मात्र अखंडच राहते! गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरनं हे यंत्र बनवलं, आणि त्यानं पहिल्या रुग्णाचा स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. ते ज्या कंपनीत कामाला होते ती ई. एम. आय., गाण्यांच्या तबकड्या काढणारी. पुढे १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

स्कॅनमधल्या करड्या रंगाच्या छटांनाही आकडे असतात आणि त्यांना हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाडं शेकड्यांत, वर अधिक हजारापर्यंतही. फुप्फुस हवेनं भरलेलं, म्हणून काळं दिसतं. अण्णांच्या काळ्या फुप्फुसात ती गाठ पांढुरकी उठून दिसत होती. १८ मिलिमीटर.

पण ती कसली होती? इथेच सगळं अडतं. क्षयाची गाठही तशीच दिसू शकते आणि कॅन्सरचीही. कडा खरबरीत आहेत, अमुक आहे, तमुक आहे, असे अंदाज डॉक्टर बांधतात आणि ते पुष्कळदा बरोबरही येतात. पण अंदाजावर कुणाची छाती उघडायची नसते, की कुणाला कडक औषधंही द्यायची नसतात. गाठीचा कणभर तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. यालाच म्हणतात बायोप्सी. ग्रीक भाषेत ‘बायोस’ म्हणजे जीवन आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणं. एर्नेस्ट बेस्निए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८७९ साली हा शब्द तयार केला. पूर्वी असा तुकडा काढायला बहुतेक वेळा चिरफाडच करावी लागे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेस मार्टिन आणि एलिस यांनी सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घेऊन तपासण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती हळूहळू रुळली.

‘सुईची बायोप्सी करायची’ हे कळलं मात्र, आमच्या घरात एकच गोंधळ उडाला. शेजारचे काका म्हणाले, “सुई लावू नका! सुई लागली की कॅन्सर पसरतो.” आत्याचं म्हणणं, तो शब्दच घरात उच्चारू नका. अण्णांना सांगू नका आणि माझ्या लेकीला तर मुळीच नको. ती तेव्हा सातवीत होती. आता तुम्हीच सांगा, सातवीतली मुलगी काय बहिरी असते? मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजायला लागली, की मुलांचे कान उलट जास्तच टवकारतात. तिनं टेबलावरची फाइल काढून वाचली आणि रात्री मला विचारलं, “आई, आजोबा मरणार आहेत का?”

मी म्हटलं, “माहीत नाही. गाठ आहे. कसली आहे ते शोधायचंय. कळेल तसं तुला सांगत जाईन.” आणि सांगत गेले. तुमच्या घरात असं काही चालू असेल, तर सरळ विचारा. आणि आईबाबांनो, हा अंक तुम्हीही वाचता म्हणून लिहिते: मुलांना न सांगितल्यामुळे त्यांना कळत नाही, असं होत नाही. अर्धवट कळतं, आणि उरलेलं अर्ध ती मनानं रचतात. ते फार भयंकर असतं.

शेजारच्या काकांची भीती मी नव्या डॉक्टरांना विचारली. त्यांनी हसण्यावारी नेली नाही. त्या म्हणाल्या, की शरीरातल्या काही ठरावीक गाठींना आम्ही मुद्दाम सुई लावत नाही, त्यासाठी वेगळा मार्ग घेतो. पण फुप्फुसाच्या गाठीत सुईच्या वाटेनं पेशी पसरण्याचा प्रकार फारच क्वचित घडतो. खरा धोका वेगळा आहे. फुप्फुस म्हणजे हवेची पिशवी. तिला भोक पडलं, की थोडी हवा बाहेर येऊन फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठते. शंभरातल्या वीस-पंचवीस जणांना असं होतं. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, काही मोजक्यांना मात्र छातीत नळी घालून ती काढावी लागते. असं आकड्यांत सांगितलेलं अण्णांना फार आवडलं. “बाई सरळ बोलतात,” म्हणाले.

मग डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या विभागात सुईचा कोन धरायला यंत्राचा हात आहे. रोबोट.

अण्णा गप्प झाले. त्याला कारण होतं. त्यांच्या कारखान्यात १९९८ च्या सुमारास वेल्डिंगसाठी रोबोट आले. पिवळ्या रंगाचे मोठाले हात, भोवती जाळीचा पिंजरा. हात चालू असताना पिंजऱ्याचं दार उघडलं, की सगळी लाइन बंद पडायची, कारण त्या हाताला माणूस कळत नाही. मध्ये कुणी आलं तर तो थांबणार नाही. तिथले काही वेल्डर दुसऱ्या खात्यात गेले, काहींनी व्ही. आर. एस. घेतली. व्ही. आर. एस. म्हणजे थोडे पैसे घेऊन आपण होऊन नोकरी सोडणं. त्यांतले एक अण्णांचे जिवलग मित्र. पुढे त्यांनी पानपट्टी टाकली. हे सगळं अण्णांच्या मनात होतं, ते मला ठाऊक होतं. आयुष्यभर ज्याच्या पिंजऱ्याबाहेर उभं राहायचं, त्याच्या हाताखाली आता उघड्या अंगानं झोपायचं!

(‘रोबोट’ हा शब्द तरी कुठून आला? कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. शब्द सुचवला लेखकाच्या भावानं, योसेफनं.)

अण्णा डॉक्टरांना म्हणाले, “मॅडम, आधी ड्रॉइंग दाखवा. ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी कधी जॉब लावला नाही.” डॉक्टर हसल्या. पण बायोप्सीच्या दिवशी त्यांनी खरंच आम्हाला यंत्र आणि पडदा दाखवला.

सी. टी. स्कॅनच्या टेबलाशेजारी ते यंत्र उभं होतं. आमच्या शिवणयंत्रापेक्षा थोडं मोठं, त्याला एक जोडांचा हात. हाताच्या टोकाशी बोटाएवढी, निर्जंतुक केलेली नळी. सुरी नाही, सुई नाही, नुसती नळी. भारतात असे हात चेन्नईच्या परफिंट नावाच्या कंपनीनं बनवले आहेत. डॉक्टरांनी आधीचा स्कॅन पडद्यावर लावला आणि समजावून सांगितलं: इथे गाठीच्या मध्यावर एक खूण करायची, इथे पाठीच्या कातडीवर दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ बरगडीला लागता कामा नये, मोठ्या रक्तवाहिनीला छेदता कामा नये. कुठली रेघ सर्वांत बरी, ते डॉक्टरच ठरवतात. त्या रेघेचा कोन आणि खोली संगणक मोजतो, आणि हात वळून ती नळी नेमकी त्या कोनात, कातडीच्या वर आणून धरतो. मग डॉक्टर नळीतून सुई घालतात. आपल्या हातानं.

“म्हणजे टोचतो कोण?” अण्णांनी विचारलं.

“मीच टोचते, काका. तो फक्त वाट धरून ठेवतो.”

अण्णांचा चेहरा एकदम बदलला. “अहो मॅडम, मग याला रोबोट कशाला म्हणता? ही तर जिग आहे!”

आता जिग म्हणजे काय, ते सांगायला हवं. समजा, शंभर लोखंडी पट्ट्यांना अगदी एकाच जागी, एकाच कोनात भोक पाडायचं आहे. ड्रिल नुसतं हातानं टेकवलं, तर ते सुरुवातीलाच घसरतं, बहकतं. म्हणून पट्टीवर एक साचा बसवतात. त्यात कडक पोलादाची नळी असते, तिला बुश म्हणतात. ड्रिल त्या बुशमधून खाली उतरतं. भोक पाडणारा कारागीरच, पण ड्रिलला बहकू देत नाही ती जिग. अण्णांनी अशा किती जिग बनवल्या असतील, त्याला गणती नाही. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, “टॉलरन्स किती?” म्हणजे चूक किती चालेल. डॉक्टर म्हणाल्या, काही मिलिमीटर. “काही म्हणजे?” अण्णांनी विचारलं. मी त्यांचा सदरा ओढला. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काका, यंत्र नेमकंच येतं. तुमचा श्वास नेमका येत नाही. म्हणून आज सगळं काम तुमच्यावर आहे.”

आणि ते अक्षरशः खरं होतं. अर्धा तास त्यांनी अण्णांकडून नुसता श्वासाचा सराव करून घेतला. साधा श्वास घ्या, सोडा, थांबा. प्रत्येक वेळी तेवढाच. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि गाठ एखादं बोटभर खाली सरकते. यंत्राला हे कळत नाही, ते मघाच्या फोटोवर भरवसा ठेवून उभं असतं. माणूस हलला, की फोटो जुना झाला.

मला काचेपलीकडे उभं राहू दिलं होतं. अण्णा पालथे. पाठीवर औषध लावलं, भूल देणारं छोटं इंजेक्शन दिलं. हात सावकाश वळला, अगदी आवाज न करता, आणि पाठीवर चार बोटं थांबला. डॉक्टरांनी नळीत सुई घातली. “थांबा!” अण्णा थांबले. मीही श्वास धरला होता, ते मला नंतर कळलं. सुई आत गेली आणि लगेच ती नळी उघडून हात बाजूला झाला. का, माहीत आहे? सुई छातीबरोबर वरखाली व्हायला मोकळी हवी. तिला बाहेरून घट्ट धरून ठेवली आणि आत फुप्फुस हललं, तर ते फाटेल. मग पुन्हा स्कॅन. पडद्यावर पांढरी रेघ दिसली आणि तिचं टोक गाठीत. एका प्रयत्नात.

बाहेरची सुई १७ गेजची, पोकळ. तिच्या आतून १८ गेजची दुसरी सुई जाते. अण्णांना गेज शिकवायची गरज नव्हती. तारेचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक. आतल्या सुईला स्प्रिंग असते. बटण दाबलं की ‘टक्’ असा स्टेपलरसारखा आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्यासारखा बारीक तुकडा सुईच्या खाचेत अडकून येतो. तीनदा टक्. तीन तुकडे. भोक मात्र एकच.

हे सगळं यंत्राशिवाय होत नाही का? होतं की! रोज होतं. बहुतेक ठिकाणी अनुभवी डॉक्टर पाठीवर खुणा करून, यंत्राच्या लाल उजेडाच्या रेघेवर नजर ठेवून हातानंच सुई घालतात. थोडी घातली, स्कॅन केला, कोन सुधारला, आणखी थोडी घातली, पुन्हा स्कॅन. मुरलेल्या हाताला यंत्र फार काही शिकवतं, असं मला वाटत नाही. पण गाठ लहान असेल, खोल असेल, आणि वाट तिरपी असेल, तेव्हा सुधारणा कमी कराव्या लागतात, हा फायदा मोठा आहे. प्रत्येक सुधारणा म्हणजे आणखी एक स्कॅन, आणखी थोडे एक्स-रे आणि फुप्फुसाला आणखी थोडा त्रास.

घरी आल्यावर मी याच्या मागे लागून वाचलं, तेव्हा एक मजेदार गोष्ट हाती लागली. माणसाच्या शस्त्रक्रियेत रोबोटचा हात वापरल्याचं जे अगदी पहिलं उदाहरण सांगतात, ते हेच, सुईच्या बायोप्सीचं! १९८५ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे. यिक सान क्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ वर्षांच्या एका रुग्णाच्या मेंदूतल्या गाठीवर सुई न्यायला ‘पुमा’ नावाचा हात वापरला. हा पुमा मुळात कारखान्यातला, सुटे भाग जोडणारा. सी. टी. स्कॅनवरून जागा ठरवली, हात त्या जागी आणला, मग त्याला तिथेच जखडून त्याची वीज तोडली, आणि नंतरच डॉक्टरांनी त्याच्या टोकाच्या नळीतून सुई आत घातली. वीज का तोडली, हे अण्णांना एका क्षणात समजलं. “पिंजरा नव्हता ना!” पुढे तो हात बनवणाऱ्या कंपनीचे हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि त्यांनी तो शस्त्रक्रियेसाठी वापरायला मनाई केली. हे यंत्र माणसांपासून दूर, कुंपणाआड चालण्यासाठी केलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. म्हणून तर पुढे दवाखान्यासाठी वेगळे, हलके, धीम्या चालीचे हात बनवावे लागले.

आणि एका जागी तर लोखंडाचा हात चालतच नाही. एम. आर. आय. यंत्रात प्रचंड ताकदीचं चुंबक असतं, ते पोलाद खेचून घेईल. मग नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या लोकांनी काय केलं? थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा रोबोट छापला! त्यात विजेची मोटर नाही. लांब नळ्यांतून हवेचा दाब देऊन तो चालवतात. ‘स्टॉर्मरॅम ४’ असं त्याचं नाव, २०१७ मध्ये तो गाजला. माझ्या लेकीनं हे वाचून दोन इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन पुठ्ठ्याचा हात बनवला. तो पेन उचलायचा, पण खाली ठेवायचा नाही.

बायोप्सीनंतर अण्णांच्या छातीत थोडी हवा साठलीच. ते त्या पंचवीसांत निघाले. एक रात्र दवाखान्यात ठेवलं, पुन्हा एक्स-रे काढला, हवा कमी होत होती. नळी घालावी लागली नाही.

खरं काम तर पुढेच असतं. ते तीन तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यातलं पाणी काढून मेण भरतात आणि मेणाची छोटी वडी तयार करतात. त्या वडीच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात, म्हणजे केसापेक्षा पंधरा-वीस पट पातळ! हे ऐकून अण्णा म्हणाले, “आम्ही दहा मायक्रॉनवर काम आलं की मिशीला पीळ देत होतो.” मग चकतीला रंग देतात. जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात, दुसरा गुलाबी. पेशींची केंद्रं जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट डोळा लावून बसतात. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथे हे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभं केलं. आपल्याकडे कॅन्सरच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. तिथे रोबोट नव्हता, सी. टी. नव्हता. काच, रंग आणि डोळा. आजही शेवटचा शब्द त्या डोळ्याचाच असतो.

आठ दिवस लागले. ते आठ दिवस कसे गेले, ते लिहीत नाही.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. अण्णा, मी आणि लेक. आत्याला आवडलं नाही, पण अण्णाच म्हणाले, “तिला चलू दे.” डॉक्टरांनी कागद अण्णांच्या हातात दिला आणि मराठीत सांगितलं, “काका, क्षय नाही. कॅन्सर आहे. पण लहान आहे, एकाच जागी आहे, आणि काढता येईल.” अण्णांनी चष्मा पुसला. मग विचारलं, “केवढा भाग काढायचा?” उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यांतला वरचा. लेकीनं त्यांचा हात धरला होता. ती रडली नाही. रडले ते मी, तेही खाली गाड्या लावतात तिथे आल्यावर.

२०१९ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर अण्णा हळूहळू पर्वतीच्या पायऱ्या चढायला लागले. आधी वीस, मग पन्नास, मध्ये टेकत, आकडा वहीत लिहीत. वर्षाला तपासणी असते. आतापर्यंत स्वच्छ आहे. सहा महिने गोळ्या खात बसलो असतो, तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अजूनही रात्री कधीतरी पडतो. अण्णांना पडत नाही. झालेल्या जॉबचं ड्रॉइंग ते पुन्हा उघडत नाहीत.

त्यांना पडला तो प्रश्न निराळाच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना गाठीच्या पेशींतलं एक जनुक तपासायचं होतं. पुढे कधी औषध लागलंच, तर कुठलं चालेल, ते त्यावरून ठरतं. अण्णांना वाटलं, आता पुन्हा सुई. पण नाही. बायोप्सीतली ती मेणाची वडी प्रयोगशाळेनं जपून ठेवली होती. अशा वड्या वर्षानुवर्षं ठेवतात. तिचीच आणखी एक चकती कापली आणि काम झालं.

“म्हणजे माझा तुकडा अजून तिथे आहे?” अण्णांनी विचारलं.

“आहे ना. नंबर घालून, कपाटात.”

अण्णांनी तो नंबर विचारून घेतला आणि पर्वतीच्या पायऱ्यांच्या वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवला.